मागच्या खोलीत पाल नाही

१

आमच्या समोरच्या खोलीत ट्यूबलाइटच्या मागं आठ पाली राहत होत्या. कोणी म्हणन, रिटायर माणसाले काम नाही म्हणून पाली मोजते. मोजतो बाप्पा, मोजतो! तीस वर्षं लोखंडाच्या प्लांटमधी क्रेन चालवली. वरच्या केबिनमधी बसून खालचं सारं पाहत राहायची सवय लागली, ते सवय काय निरोपाच्या शालीसोबत परत करतात का?

माहं नाव देवीदास. घर कुरुदले, हिंदी मुलखात. पह्यले आमी प्लांटजवळच्या वस्तीत, कैंप-1 मधी होतो. वीस वर्षांपूर्वी इथं दोन खोल्या बांधल्या आणि यंदा मागं तिसरी. घरात मी आणि माही बायको पंचफुला. एकुलती एक पोट्टी, साक्षी, नागपूरले दिली. जावई अमरदीप रेल्वेत आहे. साक्षी पहिलटकरीण, आठवा महिना सरत आलेला. बाळंतपण माहेरीच, म्हणून तर मागची खोली काढली. बाथरूम लागून, खिडकीले जाळी, भिंतीले पिवळा डिस्टेंपर. पंचफुला त्या खोलीले आतापासूनच 'माह्या नातवाची खोली' म्हणून राहिली होती.

आमचा चहा चारले. रोज. मी समोर खुर्चीवर पेपर घेऊन, पंचफुला सैपाकखोलीत. ट्यूबमागून एखादी पाल चुकचुकते, की लगेच आतून ओट्यावर बोटाचा आवाज येते, टक टक टक, आणि पंचफुला म्हणते, "खरं आहे माय."

ही सवय तिच्या मायची. बोलता बोलता पाल चुकचुकली म्हणजे बोलणं खरं, आणि आपण तीनदा टकटक करून त्याले हो म्हणायचं. कोण काय बोललं ते ऐकलं नसलं तरी चालते, हो म्हटलं पाहिजे. पंचफुला तर झोपेत बी पलंगाच्या पाटीवर टकटक करते.

चाळीस वर्षं मी तिची मस्करी केली. "घराण्यानं दीक्षा घेतली, देव गेले, भुतं गेले, तुही पाल काही जात नाही."

"राहू द्या," ती म्हणे. "तुमच्यापेक्षा तरी खरं बोलते."

एक दिवस सकाळी मी पाह्यलं, पंचफुला मागच्या खोलीतून सुपडीभर किडे झाडून नेऊन राहिली. पाखरं, उडत्या मुंग्या, हिरवे तुडतुडे. समोरच्या खोलीत एक किडा पडत नाही, पाली ठेवत नाहीत. मागं मात्र ट्यूबखाली रोज असा ढीग. मी स्टूल लावून वर चढलो. पाल सोडा, पालीची एक लेंडी नाही. खोली होऊन तीन महिने झाले होते. दोन हातांवर आठ पाली उपाशी बसतात आणि उंबरठ्याच्या पलीकडं जेवण मांडून ठेवलेलं. कावून जात नसतील?

"डिस्टेंपरचा वास असन," मी म्हटलं.

पंचफुलानं किडे नालीत टाकले आणि सुपडी आपटली.

२

सोमवारी चारले मी चहाचा पह्यला घोट घेतला आणि म्हटलं, "यंदा उकाडा जास्तच आहे."

पाल चुकचुकली. आतून टक टक टक, "खरं आहे माय."

सारं रोजच्यासारखं. पण माहं तोंड ट्यूबकडं होतं, आठच्या आठ डोळ्यासमोर होत्या, आणि त्यातली एक बी बोलली नव्हती. आवाज मागच्या खोलीतून आला होता.

मी उठून गेलो. खोलीत एक पलंग, नवा कोरा लाकडी पाळणा आणि भिंतीतलं रिकामं कपाट. टॉर्च घेऊन मी पलंगाखाली पाह्यलं, कपाटात पाह्यलं, पडदा झटकला, पाळणा उलटा केला. काही नाही. परत येऊन बसलो. चहा निवला होता.

मंगळवारी पुन्हा. तेव्हा मी मिस्त्रीले बोलावलं. हिरालाल, इथलाच, कुरुदचा, त्यानंच खोली बांधली. त्यानं भिंती ठोकून पाह्यल्या, वर स्लॅबले कान लावला, मग माह्याकडं पाहून हसला आणि इथल्या बोलीत म्हणाला,

"कका, छिपकली त सबके घर म रहिथे."

"दिखती क्यों नहीं फिर?"

"लजाथे होही," तो म्हणाला, आणि चहा पिऊन गेला. लाजत असन म्हणे! पालीले लाज असती तर ते माणसाच्या घरात राहिली असती का?

मी स्वतःची समजूत घातली. क्रेनवर आमाले पह्यल्या दिवशी शिकवतात की वर कानाचा भरोसा नाही. खाली भट्ट्या, हातोडे, घंटा, सारे आवाज एकमेकांत मिसळतात. जे डोळ्याले दिसते तेच खरं, खालच्या माणसाचा हात दिसला तरच लोड हलवायचा. डोळ्याले पाल दिसत नव्हती, म्हणजे पाल नव्हती. इतकं सोपं. मग आवाज कोणाचा, हे मात्र मी स्वतःले विचारत नव्हतो.

३

बुधवारी चारच्या आधीच मी मागच्या खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं. रविवारी साक्षी येणार होती. त्याच्या आत मले ही भानगड निपटायची होती.

शिफ्ट सुरू व्हायच्या आधी क्रेन तपासतात. घंटी, ब्रेक, हुक, एकेक करून, घाई नाही. तसंच करायचं ठरवलं. उन्हाची तिरीप फरशीवर पडली होती, कूलर बंद होता, बाहेर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजून राहिला होता. मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो. मोठ्यानं बोलाले लाज वाटली, तरी बोललो.

"माहं नाव देवीदास."

चुक चुक चुक.

"माहं नाव हिरालाल."

काही नाही. मी मनात शंभरपर्यंत आकडे म्हटले. काही नाही.

"आज बुधवार." चुक चुक चुक.

"आज शुक्रवार." चूप.

योगायोग म्हणा. मी बी म्हटलं. मग मले असं काही पाहिजे होतं, जे कोणालेच माहीत नाही.

"कैंप-1 च्या घराचं दार निळं होतं."

चूप.

"हिरवं होतं."

चुक चुक चुक.

ते दार मीच रंगवलं होतं, साक्षी व्हायच्या आधी. ते घर पडून पंधरा वर्षं झाली. पंचफुलाले सुद्धा विचारलं तर ती दहादा विचार करन.

मी पलंगाची पाटी धरली आणि हळूच म्हटलं, "या खोलीत पाल आहे."

चूप.

"या खोलीत माह्याशिवाय कोणी नाही."

मी वाट पाह्यली. इतकी वाट मी जिंदगीत कशाची पाह्यली नाही. बाप्पा, एकदा चुकचुक कर, माहं उरलेलं आयुष्य मी तुही मस्करी करणार नाही! ऊन फरशीवरून पाळण्यापर्यंत सरकलं. काही आवाज आला नाही.

माहा स्वभाव खराब आहे. भेव वाटलं की मले राग येते. प्लांटमधी बी असंच, म्हणून तर वरच्या चार्जमन साहेबांशी कधी पटलं नाही.

"कोण आहे बे?" मी ओरडलो. "निघ इथून! ही माह्या पोरीची खोली आहे. तिच्या लेकराची."

चूप.

"नाही? बरं बाप्पा! खोली तुही. येणारं लेकरू बी तुहंच!"

चुक चुक चुक. एकदम कानाशी. मानेले हवा लागली.

आणि सैपाकखोलीतून, टक टक टक.

"खरं आहे माय."

मी धावतच गेलो. पंचफुला कणीक मळून राहिली होती. एका हाताच्या बोटाले पीठ, ओट्यावर पिठाचे तीन ठिपके.

"तू काय ऐकलं?"

"काय ऐकन? पाल चुकचुकली."

"मग हो कावून म्हटलं?"

"पाल चुकचुकली तर काय म्हणतात?"

"परत घे."

"काय परत घेऊ?" तिनं माह्याकडं पाह्यलं. "तुमचं तोंड असं कावून झालं? बीपीची गोळी घेतली का?"

तेव्हाच सांगायचं होतं. तिथंच, त्या ओट्याजवळ. पण सांगायचं काय? की चाळीस वर्षं जिची खिल्ली उडवली ते खरं निघालं, आणि आपलं नातवंड मी रागात देऊन टाकलं? "घेतली," मी म्हटलं.

४

रविवारी मी ऑटो घेऊन पावर हाउसले गेलो. साक्षी गाडीतून उतरली, एवढं मोठं पोट, चेहरा सुजलेला, पण हसून राहिली होती. मले पाहून म्हणाली, "बाबा, कितने दुबले हो गए! आई जेवाले देत नाही का?"

घरी आल्यावर मी सांगून टाकलं की तिचा पलंग समोर लागन. मागं ओल आहे.

"ओल?" पंचफुला तडकली. "उन्हाळ्याचं काहाची ओल? हिरालालले विचारा, मारन तुमाले."

"बाबा, बाथरूम तिकडं आहे," साक्षी म्हणाली. "रातभर दहा बार उठना पडता है."

"त्याले अंगणातून बी दार आहे. मी सोबत येईन, टॉर्च धरीन."

दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या. तरी मी हटलो नाही. माह्या घरात माहं इतकं तर चालते. पलंग समोर आला, ट्यूबखाली, आठ पालींच्या खाली. मागच्या खोलीले मी कुलूप लावलं आणि चाबी शर्टाच्या खिशात ठेवली. पंधरा दिवस मी चाबी घेऊनच झोपलो. दवाखान्याच्या तारखेले दहा दिवस राहिले होते, आणि मले वाटाले लागलं की जमलं बुवा.

मग एका दुपारी बँकेतून आलो, तर समोरचा पलंग रिकामा. मागचं दार उघडं. मी आत धावलो. साक्षी पाळण्याजवळ चटईवर भिंतीले टेकून बसली होती, पायावर स्वेटरची लोकर.

"आईनं दुसरी चाबी दिली," ती म्हणाली. "इथं किती थंड आहे बाबा! मी तर रोज दुपारी येते, तुमी झोपता तेव्हा."

"रोज?"

"हो. पाल आहे ना इथं, गप्पा मारते मी तिच्याशी. मी म्हटलं मुलगी होणार, तर चूप. मुलगा होणार म्हटलं, तर लगेच चुकचुक. कित्ती क्यूट!"

"अजून काय बोलली तू?"

"असंच. काही बी."

"साक्षी, नीट आठव. लेकराबद्दल काय बोलली?"

माहा आवाज चढला असन. तिच्या डोळ्यात पाणी आलं. "काय बोलणार बाबा? मी म्हटलं, हे माहं बाळ आहे. बस."

"मग? पाल चुकचुकली?"

तिनं लोकर गोळा केली.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हा नाही चुकचुकली. पालीचा काय नेम असते बाबा?"

पंचफुला दारात येऊन उभी राहिली होती. पोरीले रडवलं म्हणून तिनं मले त्या दिवशी असं झापलं की शेजारपाजार गोळा झाला. मी सारं ऐकून घेतलं. त्याच संध्याकाळी साक्षीनं आपलं सामान मागच्या खोलीत नेलं आणि मी चाबी पंचफुलाच्या हातात दिली.

५

मुलगा झाला. तीन किलोचा, धडधाकट. दवाखान्यात मी त्याले मांडीवर घेतलं, तेव्हा त्यानं माह्या अंगठ्यावर मूठ आवळली आणि सोडलीच नाही. मी रडलो. खोटं कावून सांगू, सिस्टरबाईसमोर रडलो. मनात म्हटलं, देवीदास, तू बह्याड आहे. कुठं काय झालं आहे?

पाचव्या दिवशी लेकरू घरी आलं. सकाळचे अकरा वाजले होते. पंचफुलानं उंबरठ्यावर पाणी ओवाळलं, साक्षी त्याले घेऊन आत आली आणि ट्यूबच्या खालून मागच्या खोलीकडं गेली. साऱ्यांचे डोळे लेकरावर होते. माहे वर गेले.

आठ पाली ट्यूबमागून निघाल्या होत्या. भर उजेडात, एकामागं एक, पोट भिंतीले चिकटवून. लहानगी सगळ्यात मागं. भिंत ओलांडून त्या वरच्या रोशनदानापाशी गेल्या आणि बाहेर उतरल्या. संध्याकाळी ट्यूब लागली, रात्रभर पाखरं तिच्यावर आपटत राहिली. सकाळी पंचफुलानं समोरच्या खोलीतून सुपडीभर किडे झाडले.

"तुमच्या पाली कुठं गेल्या वो?" तिनं मले विचारलं.

बाराव्या दिवशी नाव ठेवलं. रविवार होता. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, अमरदीपचे घरचे नागपूरहून आले, लेकराचं नाव प्रबुद्ध. कोणी म्हणे नाक आज्यावर गेलं, कोणी म्हणे कपाळ अमरदीपचं. मी प्रत्येक बोलण्यानंतर कान देऊन उभा. गर्दीत काय ऐकू येते! चारच्या सुमारास अमरदीप पाव्हण्यांना घेऊन स्टेशनवर गेला, साक्षी अंग धुवाले गेली, पंचफुला चहा टाकाले गेली. मागच्या खोलीत मी आणि पाळण्यात प्रबुद्ध.

तो झोपला होता. ओठ मिटलेले, झबल्याले दुधाचा वास. मी पाळण्यावर वाकलो.

"आज रविवार," मी म्हटलं.

चुक चुक चुक.

आवाज भिंतीतून आला नाही. छतातून आला नाही. लेकराचे ओठ मिटलेलेच होते, डोळे मिटलेले होते. फक्त हनुवटीच्या खाली गळ्याची कातडी पातळ होऊन फुगली आणि बसली. तीनदा. मी पाह्यलं. या डोळ्यांनी पाह्यलं, ज्यांच्या भरोशावर तीस वर्षं माणसांच्या डोक्यावरून लोखंड नेलं.

सैपाकखोलीतून टक टक टक. "खरं आहे माय."

"हे आमचं लेकरू आहे," मी म्हटलं.

गळा हलला नाही. बाथरूममधला नळ वाहत होता, स्टोव्हवर चहा उकळून राहिला होता. मी पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. मग त्यानं डोळे उघडले, माह्याकडं पाह्यलं, आणि माहा अंगठा धरला. दवाखान्यात धरला होता तसाच घट्ट.

मी हात सोडवून घेतला नाही. मले भेव वाटून राहिलं होतं, आणि त्याच वेळी इतकी माया येऊन राहिली होती की छाती दुखली.

सव्वा महिना झाला की साक्षी त्याले नागपूरले नेणार आहे. मी कोणाले काही सांगितलं नाही. साक्षी त्याले पाजते, त्याच्याशी बोलते, हसते. तिच्यापाशी मी काय सांगू, आणि कोणत्या तोंडानं?

दुसरं वाक्य मले माहीत आहे. त्या बुधवारचं, रागात तोंडून गेलेलं. ते एकदा म्हणून पाह्यलं तर काय ते कळून जाईन. ते मी म्हणत नाही. मेलो तरी म्हणणार नाही.

रोज चारले मी पाळण्यापाशी जाऊन बसतो. प्रबुद्ध माह्याकडं टक लावून पाहते, पापणी लवत नाही. मी म्हणतो, "हे आमचं लेकरू आहे," आणि ऐकत राहतो. काही आवाज येत नाही. मग मी बोट वाकवतो आणि पाळण्याच्या लाकडावर वाजवतो, टक टक टक. "खरं आहे माय," मी म्हणतो.

"अवो," सैपाकखोलीतून पंचफुला हसते, "पाल तर चुकचुकलीच नाही! तुमी काहाले हो म्हणून राहिले?"